जँगो ॲपमधून सोसायटीची बिलं मेल होतात: ए विंगला दोनदा, सी विंगला एकदाही नाही

घोडबंदरकर | सोमवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी कासारवडवलीला. तीन विंग, मिळून १६८ फ्लॅट. मेंटेनन्सची बिलं काढायला जँगोत (वेबसाइट बनवायची पायथनमधली चौकट) केलेलं एक छोटं ॲप आहे. आधीच्या कमिटीतल्या एकांच्या मुलाने इंजिनीअरिंगला असताना ते केलं, तो आता नोकरीला बंगळुरूला. ॲप आलं माझ्या गळ्यात, कारण मी 'कॉम्प्युटरवाला'. प्रत्यक्षात वागळे इस्टेटला टेस्टिंगचं काम करतो, पायथन जेमतेम वाचता येतं.

दर महिन्याच्या १ तारखेला खजिनदार काकू 'सर्वांना बिल पाठवा' हे बटण दाबतात. पान गरगर फिरत राहतं, मग '५०२ बॅड गेटवे' येतं. काकू परत दाबतात. परत तेच. परिणाम असा की ए विंगमध्ये एकेका घरी तेच बिल दोन-दोनदा आणि सी विंगमध्ये कुणालाच नाही. शिवाय ज्यांना येतं त्यातल्या बऱ्याच जणांना ते स्पॅममध्ये सापडतं. ॲपच्या लॉगमध्ये मेलबद्दल एकही एरर नाही.

मेल जातात आमच्या डोमेनच्या पत्त्यावरून, होस्टिंगवाल्यांच्या एसएमटीपी (मेल पाठवणाऱ्या) सर्व्हरमधून, पोर्ट ५८७. जीमेलवर हलवू, पैसे देऊन मेल पाठवायची सेवा घेऊ, की दोष कोडमध्येच आहे?

जरा लवकर सांगा. पार्किंगच्या भांडणाचा राग कमिटी असा काढते, असं सी विंगमध्ये पसरलंय.

---

वाशीचा_बोका | सोमवार, रात्री १०.२०

व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ टाका. विषय संपला.

---

मीनल_ऐरोली | सोमवार, रात्री १०.३१

@वाशीचा_बोका, १६८ घरांची थकबाकी एकाच ग्रुपवर? मग विषय संपणार नाही, तिथूनच सुरू होईल.

घोडबंदरकर, हे कधीपासून होतंय? आधी नीट चालत होतं का? आणि मधल्या काळात काय बदललं?

---

घोडबंदरकर | सोमवार, रात्री १०.४४

दिवाळीपर्यंत ठीक होतं. तेव्हा मेलमध्ये नुसता मजकूर असायचा. मग सभासदांनी मागणी केली म्हणून बिलाची पीडीएफ जोडायला लागलो.

---

जुना_पोस्टमास्टर | सोमवार, रात्री ११.०५

मग पहिलं कोडं इथेच सुटलं म्हणायचं. (नावावर जाऊ नका, टपाल खात्याशी संबंध नाही. मेल सर्व्हर सांभाळण्यात आयुष्य गेलं.)

तुमच्या बटणामागे बहुतेक एक फॉर लूप आहे. एकेक फ्लॅट घ्यायचा, पीडीएफ बनवायची, मेलला जोडून पाठवायची, पुढचा फ्लॅट. हे सगळं त्या एकाच वेब रिक्वेस्टच्या आत. जँगोच्या पुढ्यात गनिकॉर्न (ॲप चालवणारा सर्व्हर) असेल तर त्याचा ठरलेला टाइमआउट ३० सेकंदांचा असतो. तेवढ्यात उत्तर आलं नाही की तो त्या वर्करला (काम करणाऱ्या प्रोसेसला) ठार करतो आणि एनजिनएक्स (त्याच्या पुढचा वेब सर्व्हर) तुमच्या काकूंना ५०२ दाखवतो. नुसता मजकूर होता तेव्हा काम वेळेत उरकत होतं, पीडीएफ आली आणि वेळ पुरेना. त्यात प्रत्येक मेल नवं कनेक्शन उघडतो: टीएलएसची (एन्क्रिप्शनची) बोलणी, लॉगिन, एक मेल, बंद. १६८ वेळा.

लूप फ्लॅट नंबरच्या क्रमाने चालत असणार. ३० सेकंदांत ए विंग संपते, बी विंग जेमतेम सुरू होते. काकू परत दाबतात, लूप परत ए-१०१ पासून. सी विंगपर्यंत पाळी येतच नाही. पार्किंगचा काही संबंध नाही.

गनिकॉर्नचा लॉग उघडा, 'वर्कर टाइमआउट' सापडतं का बघा.

---

घोडबंदरकर | सोमवार, रात्री ११.२६

सापडलं! १ तारखेला, सकाळी ११ च्या सुमारास, लागोपाठ. ऑर्डर_बाय (क्रम ठरवणारी ओळ) मध्ये विंग आणि मग फ्लॅट नंबर, तुम्ही म्हणालात तसंच. आणि मेल पाठवायच्या ओळीत 'फेल_सायलेंटली = ट्रू' दिसतंय. लॉग कोरा का, ते यामुळे असेल का?

---

खारघर_टेकडी | सोमवार, रात्री ११.३३

टाइमआउट ३०० करा आणि झोपा.

---

जुना_पोस्टमास्टर | सोमवार, रात्री ११.५०

@खारघर_टेकडी, आज झोप लागेल. पण एखाद्या दिवशी मेल सर्व्हर अडून बसला तर? जँगोत ईमेल_टाइमआउट दिलाच नसेल तर तो वाट बघतच राहतो. परत काकू, परत बटण, परत ए विंग.

@घोडबंदरकर, हो. ती ओळ आधी काढा. फेल_सायलेंटली म्हणजे मेल सर्व्हरने लॉगिन नाकारलं, तासाला पाठवायच्या मेलची मर्यादा संपली म्हणून हाकललं, काहीही झालं तरी गप्प बसायचं. संपर्काच्या फॉर्मवर चालून जाईल एखाद वेळी, बिलांना नाही.

---

क्लाउडेश्वर | मंगळवार, सकाळी ८.१५

ट्रान्स हार्बर लोकलमधून लिहितोय, चुका असतील तर समजून घ्या.

शास्त्रशुद्ध मार्ग एकच, बॅकग्राउंड क्यू, म्हणजे पानामागे चालणारी कामांची रांग. सेलरी (रांगेतली कामं करणारा) आणि रेडिस (रांग सांभाळणारा). बटण दाबलं की १६८ टास्क रांगेत, पानाला लगेच उत्तर, वर्कर आपला मागे पाठवत बसेल. मेल अडला तर थोड्या थोड्या वेळाने आपोआप पुन्हा प्रयत्न. एक पथ्य पाळा: टास्क ट्रान्झॅक्शन.ऑन_कमिट मध्ये टाका. नाहीतर बिल डेटाबेसमध्ये पक्कं व्हायच्या आधीच वर्कर ते शोधायला जातो आणि 'असं बिलच नाही' म्हणून आपटतो.

---

नौपाड्याची_सून | मंगळवार, सकाळी ९.०२

लाराव्हेलमध्ये (पीएचपीतली अशीच चौकट) हे आयतं मिळतं. मेलेबल क्लास लिहायचा, सेंडच्या जागी क्यू लिहायचं, संपलं. फक्त क्यू वर्कर चालू आहे ना ते बघायचं. आणि नवीन कोड चढवला की क्यू:रीस्टार्ट विसरायचं नाही, कारण वर्कर जुनाच कोड मेमरीत धरून बसलेला असतो. मग आपण टेम्प्लेट बदलतो, मेल जुनाच जातो, आणि माणूस दिवसभर स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेतो.

---

जुना_पोस्टमास्टर | मंगळवार, सकाळी ९.४०

क्लाउडेश्वर, महिन्यातून एकदा १६८ मेल पाठवायला सेलरी आणि रेडिस? ते दोन चालू आहेत की नाहीत हे रात्री कोण बघणार, घोडबंदरकर की काकू?

मी असं करीन. बिलाच्या तक्त्यात दोन रकाने वाढवायचे, 'पाठवल्याची वेळ' आणि 'शेवटची एरर'. मॅनेजमेंट कमांड (वेब पानाशिवाय थेट सर्व्हरवर चालणारी) लिहायची: वेळेचा रकाना रिकामा असलेली बिलं घे, गेट_कनेक्शनने एकच कनेक्शन उघड, एकेक मेल पाठव. गेला की लगेच, त्याच क्षणी, वेळ लिही. नाही गेला तर एरर लिही आणि पुढे जा. एकाचं अडलं म्हणून बाकीचे अडकायला नकोत. ही कमांड क्रॉनने (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) दर दहा मिनिटांनी चालवायची. काकूंच्या बटणाने फक्त 'या महिन्याची बिलं तयार' अशी खूण करायची. मग त्यांनी ते कितीदाही दाबू दे, ज्याला गेलं त्याला परत जाणार नाही. सी विंग उशिरा का होईना, येणारच.

---

क्लाउडेश्वर | मंगळवार, सकाळी ९.५८

मान्य, १६८ ला चालेल. पण आधीची फेरी संपायच्या आत क्रॉनने दुसरी सुरू केली तर पुन्हा दोनदाच जाणार. एफलॉक लावा, म्हणजे एका वेळी एकच फेरी चालेल.

---

जुना_पोस्टमास्टर | मंगळवार, सकाळी १०.०६

हा मुद्दा बरोबर. एफलॉक लावाच.

---

महापे_नाइटशिफ्ट | मंगळवार, दुपारी १.१७

चाचणी करताना सांभाळा हो. मी ज्या प्रोजेक्टवर होतो तिथे टेस्टच्या सर्व्हरवर खरा डेटाबेस उतरवला आणि मेलची सेटिंगही खरीच राहिली. 'प्रिय टेस्ट टेस्ट, आपले खाते बंद करण्यात येत आहे' असा मेल खऱ्या ग्राहकांना गेला. कॉल सेंटरवाल्यांनी त्यानंतर आमच्याशी कँटीनमध्ये बोलणंच सोडलं.

जँगोत कन्सोल बॅकएंड आहे, मेल पाठवायच्या ऐवजी टर्मिनलवर छापतो. स्वतःच्या मशीनवर तोच ठेवा. मेल दिसतो कसा ते बघायचं असेल तर मेलपिट चालवा. १०२५ पोर्टवर मेल गिळतो, ८०२५ वर ब्राउझरमध्ये दाखवतो, बाहेर काही जात नाही. टेस्ट केसेसमध्ये तर जँगो स्वतःच मेल बाहेर सोडत नाही, सगळे मेल.आउटबॉक्स या यादीत जमा होतात. तुम्ही टेस्टिंगवालेच आहात, आवडेल तुम्हाला.

---

निवृत्त_सेक्रेटरी | मंगळवार, दुपारी ३.३०

आमच्या नेरुळच्या सोसायटीत एकाने सगळ्यांचे पत्ते 'टू' मध्ये घालून मेल धाडला होता. सर्वांना सर्वांचे पत्ते कळले. मग एका सभासदाने 'रिप्लाय ऑल' करून कुत्र्यांविषयी मत मांडले, दुसऱ्याने त्याच्या मुलांविषयी. वातावरण अजून निवळलेले नाही.

---

मीनल_ऐरोली | मंगळवार, दुपारी ३.५२

@निवृत्त_सेक्रेटरी, काका, ही जँगोच्या सेंड_मेलची नेहमीची फसगत. रेसिपियंट_लिस्टमध्ये शंभर पत्ते दिले तर शंभर वेगळे मेल जात नाहीत, एकच मेल जातो आणि 'टू' मध्ये सगळे दिसतात. बिल प्रत्येकाचं वेगळं, तेव्हा मेलही वेगळाच हवा. सूचनेसाठी एकच मेल असेल तर ईमेलमेसेज वापरून पत्ते बीसीसीत. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही आता आहे, कमिटीने हे हलक्यात घेऊ नये.

---

वाशीचा_बोका | मंगळवार, दुपारी ४.०५

कुत्र्यांविषयी नेमकं काय मत होतं काका?

---

निवृत्त_सेक्रेटरी | मंगळवार, दुपारी ४.४१

इथे लिहिता येण्यासारखे नाही.

---

घोडबंदरकर | मंगळवार, रात्री ९.३०

पोस्टमास्तर म्हणाले तशी कमांड लिहून मेलपिटवर चालवली. १६८ पैकी १६८, सी विंगसकट! दुसऱ्यांदा चालवली, शून्य मेल. अगदी हवं तेच.

आता स्पॅमचं बोला. खर्च वाचावा म्हणून एक सदस्य सुचवतायत की सोसायटी ऑफिसातल्या जुन्या पीसीवर लिनक्स टाकून आपलाच मेल सर्व्हर उभारू.

---

जुना_पोस्टमास्टर | मंगळवार, रात्री ९.४८

त्यांना चहा पाजा आणि दुसरं एखादं काम द्या.

घरगुती ब्रॉडबँडचे आयपी पत्ते स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत सर्रास असतात. ती यादीच मुळी 'इथून थेट मेल यायला नको' अशा पत्त्यांची. आयपीवरून नाव सांगणारी उलट नोंद, म्हणजे पीटीआर, तुमच्या हातात नसते. बऱ्याच क्लाउड कंपन्याही बाहेर जाणारं २५ पोर्ट बंदच ठेवतात. पोस्टफिक्स (मेल सर्व्हरचा प्रोग्रॅम) उभारणं अवघड नाही हो, त्याच्यावर बाकीच्या जगाचा विश्वास बसवणं अवघड.

---

खारघर_टेकडी | मंगळवार, रात्री १०.०२

जीमेलच वापरा ना. फुकट आहे. सेटिंगमध्ये पासवर्ड टाकला की झालं.

---

नौपाड्याची_सून | मंगळवार, रात्री १०.१९

नेहमीचा पासवर्ड आता चालत नाही. मे २०२२ अखेर गूगलने ती सोय साध्या खात्यांसाठी बंद केली. टू-स्टेप चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड काढावा लागतो, नाहीतर ५३५ एरर, म्हणजे लॉगिन नाकारलं. साध्या खात्यावरून दिवसाला ५०० जणांपर्यंतच मेल जातो, ते यांना पुरेल. पण 'फ्रॉम' मध्ये सोसायटीचा पत्ता लिहिला तरी जीमेल तो बदलून स्वतःच्या खात्याचा करतं, तो पत्ता आधी त्या खात्यात जोडून घेतला नसेल तर. आणि ते खातं कुणाचं? सेक्रेटरींचं खासगी? कमिटी बदलली की खातं त्यांच्याबरोबर गेलं.

---

जुना_पोस्टमास्टर | मंगळवार, रात्री १०.४०

मुळात सर्व्हर बदलायची घाई कशाला? आधी दुखणं कळू दे. स्पॅममध्ये गेलेलं एक बिल जीमेलमध्ये उघडा, तीन टिंबांवर 'शो ओरिजिनल'. वरच्या चौकटीत एसपीएफ (डोमेनतर्फे कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (या तपासणीत नापास मेलचं काय करायचं ते) यांच्यापुढे काय लिहिलंय ते इथे टाका, पत्ते खोडून.

आणि एक लक्षात ठेवा. जँगो 'मेल गेला' म्हणतो तेव्हा त्याला एवढंच माहीत असतं की होस्टिंगच्या सर्व्हरने २५० म्हणून मेल ताब्यात घेतला. पार्सल गेटवरच्या वॉचमनकडे दिलं, त्याने सही केली, इतकंच. घरात पोचलं का, हे कुरिअरवाल्याला कुठून कळणार? पत्ता चुकीचा असेल किंवा समोरच्याने नाकारला तर ते नंतर कळतं, बाउन्स होऊन, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर. तो मेलबॉक्स कोण वाचतं तुमच्याकडे?

---

घोडबंदरकर | बुधवार, रात्री १२.१४

कुणीच वाचत नव्हतं. पासवर्ड जुन्या फाइलमध्ये मिळाला, आत्ता उघडला. खच पडलाय.

अर्धे बाउन्स आहेत. काही '५५० ५.१.१', म्हणजे असा पत्ताच नाही. शिवाय एक 'जीमेल.कॉन'वाले गृहस्थही निघाले. बरेच '५५० ५.७.२६', त्यात लिहिलंय की पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही.

बाकी अर्धी सभासदांची उत्तरं. बिलाच्या मेलला रिप्लाय करून लोक लिहीत होते: लिफ्ट बंद आहे, नाव चुकलंय, पाणी कमी दाबाने येतंय. एक आजोबा दर बिलाला 'मिळाले, आभारी आहे' असं उत्तर देतात.

शो ओरिजिनलमध्ये: एसपीएफ 'पर्मएरर'. डीकेआयएमची ओळच नाही.

---

मीनल_ऐरोली | बुधवार, सकाळी ७.५०

पर्मएरर (नोंदच चुकीची) म्हटलं की पहिला संशय, एसपीएफच्या दोन नोंदी. डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) टीएक्सटी नोंदी बघा. 'व्ही=एसपीएफ१' ने सुरू होणारी एकच असायला हवी. दोन झाल्या की तपासणाऱ्याने कुठलीच धरायची नाही, असा नियमच आहे. एकच असेल तर त्यातले इन्क्लूड (दुसऱ्यांच्या याद्यांचे संदर्भ) मोजा, आतल्यांसकट. दहापेक्षा जास्त डीएनएस शोध लागले तरी पर्मएररच.

---

घोडबंदरकर | बुधवार, सकाळी ८.३६

दोनच आहेत! एक होस्टिंगवाल्यांची, दुसरी कुठल्यातरी मेल सेवेची. आधीच्या कमिटीने ती चाचणीपुरती घेऊन सोडून दिली होती म्हणे.

---

जुना_पोस्टमास्टर | बुधवार, सकाळी ९.१२

मग ती सेवा बंद आहे याची खात्री करून दुसरी नोंद उडवा. चालू असती तर दोन्ही इन्क्लूड एकाच ओळीत आणावे लागले असते. होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमध्ये डीकेआयएमचा खटका असतो, तो चालू करा, देतील ती किल्ली डीएनएसमध्ये घाला. डीमार्क 'पी=नन' (नुसतं बघा, अडवू नका) ने सुरू करा, अहवाल बघा, मग हळूहळू कडक करा.

दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून हे तिन्ही सक्तीचं केलं. तुम्ही त्यात येत नाही. पण एसपीएफ आणि डीकेआयएम यांपैकी निदान एक धड हवंच, हा नियम त्याच वेळेपासून लहानांनाही आहे, आणि तुमच्याकडे एकही धड नव्हतं.

इतकं करून भागलं नाही तरच पैशांची सेवा. ॲमेझॉन एसईएसचा दर हजार मेलना १० सेंट, मुंबई रीजनही आहे. मात्र नवं खातं सँडबॉक्समध्ये असतं: दिवसाला २०० मेल, तेही आधी पडताळलेल्या पत्त्यांनाच. बाहेर काढायला अर्ज करावा लागतो, तेव्हा १ तारखेच्या आदल्या रात्री जागे होऊ नका. आणि सेवा कुठलीही घ्या, डीएनएसचं काम चुकत नाही.

---

घोडबंदरकर | गुरुवार, रात्री ८.५५

नोंद उडवली, डीकेआयएम चालू केलं. तिन्ही विंगमधल्या काही ओळखीच्यांना खरी बिलं पाठवून पाहिली. सगळीकडे एसपीएफ, डीकेआयएम 'पास', आणि कुणाचंच स्पॅममध्ये गेलं नाही. जीमेल, सेवा, जुना पीसी, सगळं रद्द. होस्टिंग आहे तेच राहील.

उरला एक प्रश्न. रिप्लायचं काय करू? कमिटी म्हणते 'नोरिप्लाय' पत्ता करा.

---

नौपाड्याची_सून | गुरुवार, रात्री ९.१०

नका करू. लोकांना रिप्लाय करायची सवय आहे, ते करणारच. ईमेलमेसेजला रिप्लाय_टू म्हणून यादी देता येते, त्यात मॅनेजरचा पत्ता घाला. फ्रॉम तोच राहू दे. बाउन्स त्याच मेलबॉक्सात येतील, माणसांची उत्तरं मॅनेजरकडे जातील. आजोबांचे आभारही कुणीतरी वाचेल.

---

क्लाउडेश्वर | गुरुवार, रात्री ९.२२

मेलचा विषय काकू स्वतः टाइप करतात का? व्हॉट्सॲपवरून चिकटवताना मध्ये नवी ओळ आली तर जँगो मेल पाठवायलाच नकार देईल. नव्या ओळीआडून कुणी चोरून बीसीसी घुसवू नये म्हणून ती काळजी आहे. विषय घेताना मोकळ्या जागा आणि ओळी साफ करून घ्या. मराठी विषयाला काही करावं लागत नाही, त्याचं एन्कोडिंग जँगो बघतो.

---

घोडबंदरकर | गुरुवार, रात्री ९.४०

दोन्ही करतो. काकूंना सकाळी ९ च्या आत मेल जायला नको आहेत, लोक झोपमोड झाली म्हणतात. क्रॉनमध्ये ९ ते ११ अशी वेळ घालतोय, दर दहा मिनिटांनी.

---

महापे_नाइटशिफ्ट | गुरुवार, रात्री ११.५८

आधी सर्व्हरवर 'डेट' कमांड मारून बघा. यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असेल तर तुमचे ९ म्हणजे आपले दुपारचे अडीच. जँगोच्या टाइम_झोनमध्ये एशिया/कोलकाता लिहिलेलं असलं तरी क्रॉनला त्याचं सोयरसुतक नसतं. सकाळी ९ हवे असतील तर ३.३० ची वेळ टाका.